माफी कोणाकडे मागायची?

आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहतो. विमानतळ इथून फार लांब नाही. उतरणारी विमाने आमच्या पत्र्यांवरून इतकी खालून जातात की बोलणारा माणूस मध्येच थांबतो आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलू लागतो. वस्तीतल्या मुलांना शेपटीवरचा रंग पाहून विमान कोणत्या कंपनीचे ते सांगता येते. त्या विमानात बसलेली मुले मात्र फार थोडी. मार्च २०२० मध्ये हा आवाज एकदम बंद झाला, तेव्हा अम्मी म्हणाली होती, ‘कान गेल्यासारखे वाटतात.’

साथ पसरलेली आहे, परदेशाचे तिकीट हातात आहे, सुट्टी मंजूर आहे. जावे की जाऊ नये? प्रश्न वरवर पैशाचा आणि सोयीचा वाटतो. आमच्यापुढे तो दोनदा आला. पहिल्या वेळी आम्ही तो टाळला. दुसऱ्या वेळी टाळता आला नाही, आणि हा अखलाकचा, म्हणजे नीतीचा प्रश्न आहे, हे तेव्हा कळले.

आमची आपा लग्न होऊन शारजाला गेली, त्याला बरीच वर्षे झाली. २०२० च्या उन्हाळी सुट्टीत तिच्याकडे जायचे, ईद तिथेच करायची, असे ठरले होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्यासारख्यांना एवढी रक्कम एकदम काढता येत नाही. बीसीचा नंबर लागला तेव्हा जानेवारीत तिकिटे काढली. मग मार्च उजाडला. ९ तारखेला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. ते दुबईची सहल करून आले होते. ११ तारखेला त्याच सहलीच्या संपर्कातले दोघे मुंबईत सापडले. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला जागतिक साथ म्हटले. १६ तारखेपासून शाळा बंद झाल्या.

या दिवसांत आम्ही काय करत होतो? वाट पाहत होतो. आपण तिकीट रद्द केले तर पैसे कापले जातील, कंपनीने रद्द केले तर परत मिळतील, एवढाच आमचा हिशोब. २२ मार्चपासून देशात येणारी परदेशी विमाने थांबली आणि आमचा प्रश्न सुटला. नंतर लोकांना आम्ही सांगत असू की साथीमुळे आम्ही गेलो नाही. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. दाराला कुलूप लागल्यावर ‘आम्ही आत गेलो नाही’ म्हणण्यात कसले पुण्य?

मुंबईला हा प्रसंग नवा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. पुढच्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मुंबई बंदरातून हजला जाणारी वाहतूक सरकारने थांबवली. आयुष्यभर पैसा जमवून निघालेले लोक मागे राहिले. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला तो तोच १८९७ चा कायदा. पण बंदीने थांबलेल्या माणसाच्या नियतीची परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती दार उघडे असताना.

दार उघडे असतानाची एक घटना आपल्या इतिहासात आहे. हजरत उमर शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना कळले की पुढे ताऊन पसरली आहे. ते खलीफा होते. त्यांना अडवणारा वर कोणी नव्हता. त्यांनी मुहाजिरांना विचारले, अन्सारांना विचारले, मते दुभंगली. शेवटी कुरैशच्या बुजुर्गांचे ऐकून त्यांनी परतायचे ठरवले. हजरत अबू उबैदांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ यांनी पैगंबरांची शिकवण सांगितली: ज्या मुलखात ताऊन आहे तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे ती आली तर तिथून पळू नका.

आम्ही ही हदीस लहानपणापासून ऐकत आलो, पण तिचे दोन भाग वेगळे कधी पाहिले नव्हते. पहिला भाग स्वतःला जपायला सांगतो. दुसरा दुसऱ्यांना जपायला सांगतो. सुट्टीचा प्रवासी दोन्ही भाग मोडतो: साथ असेल तिथे जातो आणि दहाव्या दिवशी तिथून निघून येतो.

एप्रिल २०२१ च्या अखेरीस, दुसऱ्या लाटेत, आमचे अब्बा गेले. यूएईने त्याच आठवड्यात भारतातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. आपा निघाली असती तर इथे पोचली असती. परत मात्र जाता आले नसते, आणि तिथे तिची मुले होती. तिने जनाजा मोबाईलवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेले. पुढे कित्येक महिने ती फोनवर तेच विचारायची, ‘माती कोणी कोणी दिली?’

म्हणून डिसेंबर २०२१ चा प्रवास आमच्यासाठी नुसती सहल नव्हती. नाताळच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही चौघे जाणार होतो, अम्मीला शेजारच्या खालाजवळ ठेवून. मुलांना एक्स्पो आणि बुर्ज खलिफा पाहायचे होते, आम्हाला आपाला भेटायचे होते. तिकिटे नोव्हेंबरच्या सुरुवातीला काढली. २६ नोव्हेंबरला ओमायक्रॉन हे नाव जगाने ऐकले. ४ डिसेंबरला डोंबिवलीत राज्यातला पहिला रुग्ण सापडला, तोही परदेशातून आलेला. १५ डिसेंबरला मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग जवळजवळ एकवीस महिन्यांनी उघडले.

आमचा वर्ग सहावीचा. मुले चौथीत असताना घरी गेली होती, ती सहावीत परत आली. काहींना जोडाक्षर लिहिता येईना. एकाने वहीत पहिल्या पानावर फक्त स्वतःचे नाव लिहिले आणि ते दिवसभर गिरवत बसला. यांतल्या कोणाचेही लसीकरण झालेले नव्हते; त्या वयासाठी लस सुरूच झाली नव्हती. आमचे दोन डोस झाले होते. विमाने सुरू होती, व्हिसा तयार होता. या वेळी दाराला कुलूप नव्हते.

घरात रोज वाद. एक बाजू म्हणे, आपण न गेल्याने काय थांबणार आहे? आपल्या चार जागा रिकाम्या राहतील, नाहीतर दुसरे कोणी बसेल. विमान तर जाणारच. या युक्तिवादाने आम्हाला बराच काळ गप्प केले. मग वर्ग आठवला. दंगा कोणी केला असे विचारले की चाळीसही मुले म्हणतात, ‘सर, मैंने अकेले थोड़ी किया.’ ते खरेच असते. एकट्याने कोणीच केलेला नसतो. तरी दंगा झालेला असतो. बीसीचेही असेच. माझ्या एका हप्त्याने काय अडणार, असे प्रत्येकाने म्हटले तर ज्याचा नंबर आहे त्याच्या मुलीचे लग्न अडते.

दुसरी बाजू भारी होती. हा प्रवास मौजेचा नाही, नात्याचा आहे. उसूल-ए-फिक्हमध्ये गरजांचे तीन दर्जे सांगतात: जिच्यावाचून जगणे अडते ती, जिच्यावाचून हाल होतात ती, आणि जिने जगण्याला शोभा येते ती. आखातात पोट भरायला जाणाऱ्याचा प्रवास पहिल्या दर्जाचा. त्याला घरी बस म्हणण्याचा अधिकार महिन्याचा पगार हातात येणाऱ्या आमच्यासारख्याला नाही. आपाची भेट दुसऱ्या दर्जाची. एक्स्पो तिसऱ्या. गंमत अशी की आपल्या इच्छेला आपण हळूच एकेक पायरी वर चढवत नेतो. एक्स्पोचे नाव आम्ही घरात घेईनासे झालो होतो. फक्त आपा, आपा.

तरीही आपाचा हक्क खोटा नव्हता. मग तराजूत दुसरीकडे काय होते?

२०२० मध्ये लोक म्हणत, पासपोर्टवाल्यांनी आणला आणि रेशनकार्डवाल्यांनी भोगला. त्या वर्षी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले, इमारतींमध्ये १६ टक्के लोकांना. सामायिक संडास, एका खोलीत सात माणसे, तिथे दोन हात अंतर कुठून आणायचे? आमच्या हातात पासपोर्ट होता आणि राहायला आम्ही रेशनकार्डवाल्यांत. आम्ही आणले तर ते आधी खालाकडे जाणार होते, नळावर जाणार होते, असल्फा ते अंधेरी मेट्रोत जाणार होते आणि मग त्या सहावीच्या बाकांवर.

इथे आम्हाला हुकूकुल इबाद आठवले. लहानपणी मौलवीसाहेब सांगत की अल्लाहचे हक्क चुकले तर तो माफ करील, पण बंद्याचा हक्क मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. साथीतला अपराध असा की तो कोणाचा केला हे कधी कळतच नाही. मेट्रोत शेजारी उभा असलेला, त्याच्या घरातली म्हातारी, तिला औषध आणून देणारा मुलगा. नाव नाही, पत्ता नाही. माफी मागायला जायचे कोणाच्या दारी? उलट आपाचे मन मोडले तर तिचे दार माहीत होते, फोन नंबर पाठ होता. ज्याची माफी मागता येते त्याला दुखवणे आणि ज्याची कधीच मागता येणार नाही त्याला धोक्यात घालणे, यांतले एकच निवडायचे असेल तर पहिले निवडावे, असे आम्हाला वाटले. आजही वाटते.

पण आमची नियत अगदी साफ होती असा दावा करत नाही. मनात भीतीही होती. दिल्लीच्या मरकजच्या प्रकरणानंतर, एप्रिल २०२० मध्ये, भाजीवाल्याचेही नाव विचारले जात होते, ते आम्ही पाहिले होते. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे नोंदवले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. दुसऱ्या कोणी दुबईहून आजार आणला तर तो त्या माणसाचा. आम्ही आणला असता तर तो सगळ्या मोहल्ल्याचा झाला असता. या भीतीचाही निर्णयात वाटा होता. दोष लोक लादतात, जबाबदारी आपण उचलतो. आमच्या निर्णयात यांतले किती कोणते होते, ते अल्लाहला माहीत.

निघायच्या दोन दिवस आधी आम्ही तिकिटे रद्द केली. अडतीस हजार कापले गेले. मुलगी रडून झोपली. आपाला फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘अब्बांच्या वेळी मी नाही आले. आता तुम्ही नाही येत. हिशोब पूर्ण झाला.’ आणि फोन ठेवला.

२४ डिसेंबरच्या सुमारास पालिकेने दुबईहून येणाऱ्या मुंबईकरांना सात दिवस घरी राहण्याचा आदेश काढला. पण आमच्या न जाण्याने साथ थांबली का? नाही. ४ जानेवारी २०२२ ला वर्ग पुन्हा बंद झाले. ६ जानेवारीला मुंबईत एका दिवसात वीस हजारांहून अधिक रुग्ण सापडले. स्टाफरूममधले एक सहकारी दुबईला जाऊन आले, सात दिवस घरात बसले, त्यांना काही झाले नाही. खजूर घेऊन शाळेत आले आणि हसून म्हणाले, ‘तुम्हाला काय मिळाले?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. टळलेल्या नुकसानीची पावती मिळत नाही. कापलेल्या पैशांची मात्र मिळते. ती अजून कपाटात आहे.

२७ मार्च २०२२ ला परदेशी विमानांची नेहमीची वाहतूक सुरू झाली आणि मे महिन्यात आपाच आली. सामान घरात टाकून तिने पहिल्यांदा अब्बांच्या कब्रस्तानाकडे चल म्हटले. बायका आत जात नाहीत, म्हणून फाटकाबाहेर उभी राहून तिने फातिहा पढली. येताना रिक्षात आम्ही म्हणालो, ‘आपा, त्या वेळचे माफ कर.’ ती खिडकीबाहेर पाहत होती. ‘कधीच केले,’ म्हणाली, ‘पण दुखले होते. ते दुखले नाही असे मी म्हणणार नाही.’

वरून विमान गेले. तिघेही मध्येच थांबलो. आवाज गेल्यावर आपा पुढे बोलू लागली, अब्बांबद्दल.

तिची माफी मागता आली आणि मिळालीही. ज्यांची मागावी लागली नाही, असे कोणी होते की नव्हते, हे आम्हाला कधीच कळणार नाही.