श्रोत्याचा धर्म

चार समानधर्मी लेखकांनी सुटीत एकत्र जमावे, एकाने आपले अप्रकाशित लेखन वाचावे व इतरांनी ते ऐकावे, ही प्रथा आपल्या सुशिक्षित समाजात चांगली रुळलेली आहे. अशा बैठकीत लेखकाने कसे लिहावे याची चर्चा पुष्कळ होते. परंतु ऐकणाराचेही काही कर्तव्य असते, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. वाचणारा आपले अपुरे, अजून बाळसे न धरलेले लेखन दुसऱ्यांच्या स्वाधीन करीत असतो. त्यांनी त्याचे काय करावे, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. तो नीतीचाही आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातील एक उन्हाळा या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतो. १८१५ च्या एप्रिलमध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याच्या परिणामाने पुढील वर्षी पश्चिम युरोपात उन्हाळा म्हणून जाणवलाच नाही. त्या १८१६ च्या जून महिन्यात, जिनीव्हा सरोवराच्या काठी लॉर्ड बायरनने भाड्याने घेतलेल्या बंगल्यात, पावसाने कोंडलेली पाच माणसे जमत असत. बायरन २८ वर्षांचा व दिगंत कीर्तीचा. शेली २३ वर्षांचा. पुढे त्याची पत्नी झालेली मेरी अवघी १८ वर्षांची. तिची सावत्र बहीण क्लेअर. आणि बायरनचा वैद्य जॉन पॉलिडोरी, वय २०. भुताखेतांच्या गोष्टी वाचून झाल्यावर प्रत्येकाने एकेक तशी गोष्ट लिहावी, अशी सूचना बायरनने केली. दोन्ही थोर कवींनी आपापल्या गोष्टी लवकरच अर्धवट टाकल्या. शेवटास गेले ते दोघा नवख्यांचे लेखन.

मेरीला प्रथम काहीच सुचेना. गोष्ट सुचली का, असे आपणास रोज सकाळी विचारले जाई व रोज नकार द्यावा लागे, असे तिने १८३१ च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. या विचारण्याने ती खजील होई. परंतु ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला असे कोण विचारतो? पुढे तिने लहानशी गोष्ट आरंभिली, तेव्हा ती वाढविण्याचा आग्रह शेलीने धरला. हस्तलिखितावर त्याच्या हातच्या दुरुस्त्या आजही पाहावयास मिळतात. पण १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी मेरीचीच राहिली.

पॉलिडोरीच्या वाट्याला मात्र थट्टाच अधिक आली. बायरनने सोडून दिलेल्या कथेचा धागा घेऊन त्याने ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. १८१९ मध्ये लंडनच्या एका मासिकाने ती छापली, ती बायरनच्या नावावर! कल्पना बायरनची, लेखन माझे, असे पॉलिडोरीने जाहीर केले. १८२१ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, ज्या प्रस्तावनेत मेरीने स्वतःची कहाणी सांगितली तीतच तिने त्याच्या गोष्टीची टर उडविली. आणि तेथे आरंभिलेली म्हणून त्याने स्वतः प्रसिद्ध केलेली कथा तर अगदी निराळी होती. जिला इतक्या आस्थेने ऐकले गेले, तिनेही शेजारच्याचे नीट ऐकले नव्हते, असेच म्हणणे प्राप्त आहे.

कोणी म्हणेल, पॉलिडोरीपाशी मेरीची प्रतिभा कोठे होती? नसेल. परंतु प्रतिभा पाहूनच ऐकावयाचे, असा नियम केला तर त्या जूनमधील पहिल्या काही दिवसांत मेरीपाशी तरी दाखविण्यासारखे काय होते? ऐकणे आधी येते, पारख मागाहून.

याचा अर्थ प्रत्येकाची तोंडभर स्तुती करावी असा मुळीच नाही. खोटी स्तुती हा न ऐकण्याचाच एक सभ्य प्रकार होय. लेखन फसले असेल तर कोठे फसले ते स्पष्ट सांगावे, त्यातून आपणास काही मिळाले असेल तर ते कोणाचे हेही मोकळेपणाने सांगावे, आणि दुरुस्ती सुचवून झाल्यावर वस्तू ज्याची त्याला परत करावी. बैठकीतील नामवंताला ऐकावयास सारेच उत्सुक असतात. त्यात श्रोत्याचे पुण्य ते कोणते? कोपऱ्यात वही मिटून बसलेल्या मुलाला किंवा मुलीला, आज काय आणले आहेस, असे जो मनापासून विचारतो व उत्तर येईपर्यंत थांबतो, त्यानेच आपला धर्म पाळला असे मी म्हणेन.