आपला गारवा, शेजाऱ्याची झळ

मिस्सा संपवून आपण चर्चच्या आवारात येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत एकमेकांशी पहिले वाक्य बोलतो ते एकच, "काय हो, किती उकडतंय!" मुंबईच्या उन्हाळ्याला नावे ठेवण्यात आपण सारे एकमताचे आहोत. घामाने सदरा पाठीला चिकटतो, लोकलमध्ये जीव गुदमरतो, रात्री पंखा गरम हवाच फिरवत राहतो.

तरीही प्रामाणिकपणे सांगा, वर्षभरातल्या कितीतरी छोट्या सुखांची गाठ आपल्याला याच उन्हाळ्यात पडते ना? रसवंतीच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज, आले-लिंबू घातलेला उसाचा रस, माठातल्या पाण्याला येणारा मातीचा वास, कैरीचे पन्हे, संध्याकाळी समुद्राकडून येणारी वाऱ्याची पहिली झुळूक. लोकलच्या खिडकीजवळची जागा मिळाली तर त्या दिवशी आपण राजे असतो. या सुखांना फार पैसे पडत नाहीत आणि ती मिळाली की मन आपोआप देवाचे आभार मानते.

मग आज या सुखांविषयी नैतिक प्रश्न कशाला, असे तुम्ही म्हणाल. प्रश्न मला पडला तो एका खिडकीजवळ बसल्यावर. ती गोष्ट सांगण्याआधी एका ताडगोळेवालीविषयी सांगते.

आमच्या स्टेशनबाहेर ती दर उन्हाळ्यात बसते. पहाटेच्या गाडीने पालघरच्या बाजूने येते. समोर टोपली, हातात कोयती. एका ताडफळात बहुधा दोन-तीन गोळे निघतात. वरची साल अशी अलगद काढायची की आतले पाणी सांडू नये. हे कसब पाहत उभे राहणे हासुद्धा एक आनंदच. एकदा डझनभर ताडगोळे घेताना माझ्या लक्षात आले की टोपलीवर ओले गोणपाट झाकलेले होते आणि तिच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र नुसता पदर होता. मी म्हटले, "बाई, थोडं सावलीत तरी बसा." ती हसली. "माल उन्हात सुकला तर घेणार कोण? मला काय, सवय हाय."

घरी आल्यावर तो ताडगोळा गोड लागला, पण तिचे वाक्यही मनात राहिले. शहरातला आपला बहुतेक गारवा असा कोणाच्या तरी उन्हातून येतो. रसवाला भर दुपारी चरकाशी उभा असतो. बर्फाची लादी हातगाडीवरून ओढणारा घामाने निथळत असतो. पाण्याचा भलामोठा बाटला खांद्यावर घेऊन एक मुलगा जिना चढतो.

मग काय करायचे? ताडगोळे खाणे सोडायचे? तसे केले तर त्या बाईची टोपली तशीच परत जाईल. सुखाचा त्याग हे इथे उत्तर नाही. उलट इथे सुख घेणे हीच एक भेट आहे. मी तिच्यासमोर उभी राहते, ती मला पाहते, मी तिला पाहते, दोन शब्द होतात. तिचे ऊन मला दिसते. दिसते म्हणून निदान घासाघीस करताना जीभ अडखळते, आणि कधी पिशवीतली पाण्याची बाटली तिच्यापुढे करावीशी वाटते.

पण ज्या सुखात समोर कोणी दिसतच नाही, त्याचे काय?

आता त्या खिडकीची गोष्ट. आमच्या इमारतीला लागून एक बैठी चाळ आहे. मध्ये एक अरुंद गल्ली, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशी. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या हृदयाचे दुखणे वाढले. उन्हाळ्यात त्यांना झोप लागेना, धाप लागे. डॉक्टरांनी सांगितले, यांना गार ठेवा. आम्ही पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एसी बसवला. एसीचा बाहेरचा डबा गल्लीच्या बाजूला लागला. कारागिराला तीच जागा सोयीची होती आणि आम्ही दुसरा विचार केला नाही. सासरे शांत झोपू लागले. आम्ही देवाचे आभार मानले.

त्या चाळीत एक मावशी राहतात. आमच्या धर्माच्या नाहीत, पण माझ्या लग्नापासूनची त्यांची-माझी ओळख. आमच्याकडे दर उन्हाळ्यात बाटली मसाला होतो. गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या आणि मावशींनी व मी बसून देठ मोडायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या वर्षी गच्चीचे काम निघाले होते, म्हणून मिरच्या त्यांच्या अंगणात पसरल्या. दुपार चढली तशा मावशी म्हणाल्या, "आत ये गं, ऊन लागंल."

मी आत जाऊन खिडकीजवळ बसले. दोन मिनिटांत मानेवर गरम वाफेचा झोत आला. चुलीसमोर बसावे तसा. मी विचारले, "मावशी, हा गरम वारा कुठून येतोय?"

मावशी म्हणाल्या, "येतो असाच. तू इकडं सरक."

त्यांची नात तिथेच अभ्यास करीत होती. ती सहज बोलून गेली, "तुमच्याच एसीचा आहे तो, काकू. आजी आता रात्री ओट्यावरच झोपते."

मावशींनी तिला डोळ्यांनीच दटावले आणि माझ्या हातात कोकम सरबताचा पेला दिला. "तुझ्या सासऱ्यांना लागतो ना एसी? मग राहू दे. म्हातारं माणूस."

ते सरबत माझ्या घशाखाली उतरेना. आम्ही दोन उन्हाळे गारव्यात झोपलो होतो आणि मावशी दोन उन्हाळे डासांत, ओट्यावर. मधले अंतर चार फुटांचे.

एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. शिवाय तो चालवायला जी वीज लागते, तिचीही उष्णता बाहेरच जाते. म्हणजे आत जेवढे कमी होते, त्याहून थोडे जास्तच बाहेर वाढते. हे साधे शास्त्र मला ठाऊक नव्हते असे नाही. पण 'बाहेर' म्हणजे रिकामी जागा, असे मी धरून चालले होते. मुंबईत रिकामी जागा कुठे आहे? इथे प्रत्येकाचे 'बाहेर' म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी घर असते.

शाळेत भूगोलात आपण शिकलो की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. लहानपणी मी 'मतलई'चे हमखास 'मतलबी' वाचायची आणि वर्गात हशा पिकायचा. त्या दुपारी मला वाटले, खारा वारा येताना झोपडी आणि बंगला असा भेद करीत नाही. मतलबी वारा खरोखर असतो, आणि तो मी माझ्या खिडकीबाहेर बसवून घेतला आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक जगाला दिले. त्याच्या ५५ व्या परिच्छेदात आपल्या हानिकारक उपभोगाच्या सवयींविषयी बोलताना त्यांनी एक साधे उदाहरण दिले आहे, ते वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचेच. पूर्वी ते वाचताना मला वाटले होते की हे मोठ्या श्रीमंत देशांसाठी असेल. ते आमच्या गल्लीसाठीही होते.

पण इथे थांबून दुसरी बाजूही मांडायला हवी. एसी म्हणजे पाप, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. उष्णता ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही. हवामान खाते किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले की उष्णतेची लाट मानते. आपल्याकडे हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. लहान बाळे, आजारी माणसे, वृद्ध यांच्या जिवावर बेतू शकते. माझ्या सासऱ्यांचा गारवा ही चैन नव्हती. तेव्हा प्रश्न 'एसी असावा की नसावा' एवढाच नाही. माझी गरज खरी असली, तरी तिची किंमत कोण चुकवतो आहे, हे मी पाहिले का, हा प्रश्न आहे.

आणि त्याहून अवघड प्रश्न मावशींच्या त्या वाक्याने उभा केला. त्यांनी तर 'राहू दे' म्हटले. समोरच्याने मनापासून सोसले, तर माझी जबाबदारी संपते का?

मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, संपत नाही. गरीब शेजारी गप्प राहतो त्याची कारणे अनेक असतात. भांडण नको, संबंध तुटायला नकोत, आपले कोण ऐकणार, किंवा मावशींसारखे नितळ मन. यांपैकी कोणतेही कारण म्हणजे संमती नव्हे. मावशींचा मोठेपणा हा त्यांचा सद्गुण आहे, तो माझा परवाना होऊ शकत नाही. उलट जो तक्रार करीत नाही, त्याच्या दाराशी जाऊन विचारण्याचे काम आपल्यावर येते.

जुन्या मुंबईकरांना हे कळत होते असे दिसते. शहरात जागोजागी त्यांनी पाणपोया बांधल्या. कित्येक पाणपोया घरातल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेल्या. काहींना खाली जनावरांसाठीही पाण्याचा हौद असे. मशीद बंदरच्या भात बाजारात १८७६ साली बांधलेले केशवजी नाईक कारंजे आजही उभे आहे. हमाल, गाडीवान, वाटसरू, ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशांची तहान कोणीतरी आधीच लक्षात घेतली होती. तहानलेल्याला दिलेला गार पाण्याचा एक पेलाही वाया जात नाही असे प्रभू येशूने सांगितले, आणि ही माणसे बहुतेक त्याचे अनुयायी नव्हती, तरी त्यांनी तो पेला दगडात बांधून ठेवला. त्यांच्या गारव्याचे तोंड रस्त्याकडे होते. आमच्या गारव्याचे तोंड घराकडे आणि पाठ रस्त्याकडे.

घरी येऊन मी सारे सांगितले. सासरेच आधी म्हणाले, "अगं, मग डबा हलव. मला त्या बाईच्या झोपेवर झोपायचं नाही." सोसायटीची परवानगी काढली, नळी वाढवली आणि डबा मोठ्या रस्त्याच्या बाजूला, उंच लावला. साडेचार हजार रुपये खर्च आला. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात नवा एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर लागतो. आम्ही तो १८ वर खेचत असू. आता २६ वर ठेवतो आणि जोडीला पंखा. सासऱ्यांना तेवढे पुरते.

यात फार मोठे काही केले असे मला वाटत नाही. उष्णता नाहीशी झालेली नाही, ती अजूनही या शहराच्याच हवेत जाते. फक्त कोणाच्या उशाशी जात नाही. आणि मावशींचे ते दोन उन्हाळे मी परत देऊ शकत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. गच्चीचे काम निघाले नसते, तर मी त्यांच्या घरात, त्या खिडकीजवळ बसलेच नसते. वीस वर्षांची ओळख, पण प्रत्येक वेळी त्याच माझ्याकडे आल्या होत्या. आपला शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने व्याख्या सांगितली नाही, वाटेवरच्या माणसांची गोष्ट सांगितली. आपण कोणाच्या वाटेने गेलो आणि थांबलो, यावरून शेजारी ठरतो. खिडक्या बंद करून घेतलेल्या सुखात ही वाटच उरत नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, या उन्हाळ्यात सुखे जरूर घ्या. ताडगोळे खा, रस प्या, आजारी माणसाला गारव्यात झोपवा. फक्त एकदा स्वतःच्या भिंतीच्या पलीकडे जाऊन बसा. आपल्या एसीचा वारा, आपल्या टाकीचे ओघळणारे पाणी, आपल्या गाडीचा धूर कोणाच्या खिडकीत जातो, ते तिथून दिसेल. दाराबाहेर एक माठ ठेवता आला तर ठेवा. कुरियरवाला, कचरा नेणारी ताई, टपाल आणणारे काका यांना पाणी हवे का, एवढे विचारा.

यंदाच्या मिरच्या पुन्हा गच्चीवर वाळल्या, पण देठ मोडायला मीच मिरच्या घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी मला खिडकीजवळच बसवले. दुपारी चारच्या सुमारास खारा वारा सुटला आणि गल्लीतून आत आला.