येथील सर्व क्षेम

पंचवटीतल्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका म्हणाले, "पत्रं होती तोवर घरं होती. या मोबाईलनं सगळ्यांना मुकं केलं." जिलबी पचली, हे वाक्य काही पचेना.

मोबाईलची निंदा आपल्याला पाठ आहे, ती सोडू. माझी शंका पत्रावरच आहे. लेकीचं पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाची, मग ओटीवर कुणीतरी मोठ्यानं वाची. "प्रकृती उत्तम, काळजी नसावी" यापलीकडे ती लिहिणार काय? अंतर्देशीय पत्र चिकटवण्याआधी सासूच्या नजरेखालून जाई, अशी घरंही काही थोडी नव्हती. कळवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. काका ज्याच्या आठवणीनं गहिवरतात ते बव्हंशी कळवणंच होतं.

तपासली जाणारी पत्रं म्हटली की आठवतात नाशिकजवळच्याच भगूरचे सावरकर. 1911 ते 1921 अंदमानात असताना विनायकरावांना घरी वर्षाकाठी एक पत्र धाडता येई, तेही अधिकाऱ्यांनी तपासून. तरी धाकट्या भावाला, नारायणरावांना लिहिलेल्या त्या पत्रांत वहिनीची, घरच्यांची आवर्जून विचारपूस आहे. तिथला तपासनीस निदान उघड होता. घरातल्याला तर कुणी तपासनीस म्हणतही नाही.

(जाता जाता: नाशिकरोडच्या प्रेसमध्ये टपालाची तिकिटं छापतात आणि पासपोर्टही. माणसं लांब धाडायची आणि त्यांची खुशाली मागवायची, दोन्ही सोयी एकाच आवारात!)

इथवर मी मोबाईलचं वकीलपत्र घेतलं खरं, पण अशिलाचं वागणंही धड नाही. व्हिडिओ कॉलवर पुण्यातला मुलगा नोकरी गेल्याचं बोलत नाही. इकडे आई फोन चेहऱ्यापुरता धरते, सुजलेला गुडघा दिसू नये म्हणून. ग्रुपवर कुणाच्या ऑपरेशनची बातमी येते, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. फोन एखादाच करतो. मग पत्राला तरी कशाला झोडपायचं? मुळात आपल्या घरांत हुकूम वरून खाली झरझर येतो, तक्रार मात्र खालून वर चढत नाही. 'मोठ्यांना उलट बोलू नये' यावर वाढलेलं पोर चाळिशीत एकाएकी मोकळं कसं होणार? आणि मोठ्यांना तरी लेकरांपुढे रडायला कुणी शिकवलं?

काका, एक करा. लग्नानंतर काकू माहेरी काय लिहीत आणि काय लिहीत नसत, ते त्यांना विचारा. सांगत असताना मध्ये बोलू नका.