मय्यतीचे रक्त आणि आपली जबाबदारी

परदेशातून विमानाने येणाऱ्या मय्यतीच्या पेटीसोबत काही कागद असतात. मृत्यूचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र आणि एम्बामिंगचे प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदाचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. मलकापूर, चिखली, मेहकरकडची मुलेही आता रोजगारासाठी आखाती देशांत जातात; म्हणून वाचकहो, तो आपण समजून घेतला पाहिजे.

मानेजवळची किंवा मांडीची धमनी उघडून तीतून फॉर्मॅल्डिहाइडयुक्त द्रव देहात सोडतात आणि शीर उघडून रक्ताला वाट करून देतात. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते; ते सगळे निघत नाही, पण बरेच निघते. अमेरिकेत ते बहुधा सांडपाण्याच्या नळीतच सोडले जाते. आपल्याकडे २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयातील असा द्रव आधी निर्जंतुक करावा लागतो. पुढे वाट तीच, गटाराची. हे ऐकून आईच्या काळजात चर्र झाले, तर तिला अडाणी म्हणू नये. तिच्या प्रश्नाला शरीअतमध्ये स्थान आहे.

दिव्य कुरआनने वाहते रक्त निषिद्ध ठरवले आहे आणि फिकहमध्ये ते नापाक आहे. पण नापाक म्हणजे कवडीमोल नव्हे. त्याच कुरआनने आदमच्या संततीला प्रतिष्ठा बहाल केल्याचे सांगितले आहे (१७:७०) आणि फतावा आलमगिरीत नखे व केसांसोबत रक्तही पुरावे असे म्हटले आहे. उहुदच्या शहीदांना तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गुस्ल न देता, अंगावरच्या रक्तासह दफन करविले. अर्थात तो मान शहादतीचा होता. इतर मय्यतीला आपण गुस्ल देतो आणि लागलेले रक्त धुऊनच काढतो. हिजामाचे रक्तही आपण टाकून देतो आणि त्यात कुणाला अनादर वाटत नाही.

मग खटकते ते काय? माझ्या मते, रक्त कुठे गेले यापेक्षा ते का काढले, हा प्रश्न मोठा आहे. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, असा हदीसचा आशय आहे. हिजामात जिवंत माणसाचे भले असते आणि त्याची संमती असते. इथे मृताला काडीचा लाभ नाही. देह टिकवायचा तो आपल्यासाठी, चेहरा एकदा पाहता यावा म्हणून. ही ओढ मी हलकी लेखत नाही. पण जिथे मुस्लिम कब्रस्तान आहे, जनाज्याची नमाज पढणारी जमात आहे, तिथे या ओढीला ‘जरूरत’ म्हणता येणार नाही. जिथे इस्लामी पद्धतीने दफन शक्यच नाही, तिथला हुकूम वेगळा.

हजरत आयशा (रजि.) यांचे बंधू अब्दुर्रहमान (रजि.) मक्केबाहेर वारले आणि त्यांना मक्केत आणून दफन केले गेले. कबरीपाशी त्या म्हणाल्या की, मी हजर असते तर तुम्हाला जिथे मृत्यू आला तिथेच दफन केले असते. ते अंतर काही मैलांचे होते. आपल्याकडे मुंबईत विमान उतरल्यावरही मलकापूर पाचशे किलोमीटर राहते आणि दफनात त्वरा करण्याची शिकवण असताना कागदपत्रांतच कित्येक दिवस गेलेले असतात.

आता जी मय्यत अशी आलीच आहे, तिच्याबाबत. तिकडे गुस्ल झाले की नाही, हे आधी फोनवर विचारावे. झाले असेल आणि टाक्यांतून रक्त पाझरत असेल, तर तेवढी जागा धुवावी. गुस्ल पुन्हा नको. झाले नसेल तर ते आपल्यावर फर्जे किफाया आहे. रसायनाच्या वासाने डोळे झोंबतात म्हणून टाळता येणार नाही, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रक्ताने भिजलेला कापूस कचऱ्यात न टाकता पुरून टाकावा.

आणि मुलगा परदेशी निघतो तेव्हा पगार, खोली, विमा सगळे विचारतो, तसे हेही विचारावे. विषय जड आहे, वडिलांनीच काढावा. त्याची वसीयत दोन ओळींत लिहून एक प्रत घरी ठेवावी आणि एक त्याच्या पासपोर्टसोबत द्यावी.