पंच नसलेला डाव

नात: आजोबा, काल पडद्यावर पंधरा मिनिटांचा डाव खेळले. अखेरीस दोघांकडे राजा आणि एकेक हत्ती, बाकी पट रिकामा. त्याच्यापाशी अकरा सेकंद, माझ्यापाशी सव्वा मिनिट. त्याने तीनदा बरोबरी मागितली, मी तीनदा नाकारली आणि त्याची वेळ संपली. माझ्यात खिलाडूवृत्ती नाही, असे तो लिहून गेला. माझा अपराध कोणता?

आजोबा: अपराध नाही, कारण नियमाने तो गुण तुझाच आहे, परंतु समोरच्याने ढळढळीत चूक केल्यावाचून हत्तीला हत्तीचे काहीच वाकडे करता येत नाही, अशा पटावर तू नेमके काय खेळत होतीस?

नात: घड्याळ. मधल्या डावात त्याने विचारासाठी मिनिटे खर्चिली, म्हणून तर त्याला बरोबरीची स्थिती लाभली. ती मान्य करणे म्हणजे त्याने वापरलेला वेळ मी त्याला पुन्हा बहाल करणे नव्हे काय?

आजोबा: युक्तिवाद सबळ आहे. तरीही खेळीगणिक वेळेची भर नसलेल्या दीर्घ वा जलद डावांसाठी, स्पर्धेपूर्वी तसे जाहीर झालेले असल्यास, जागतिक बुद्धिबळ महासंघ ‘फिडे’च्या नियमावलीत अशी तरतूद आहे की, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेल्या खेळाडूने, प्रतिस्पर्धी स्वाभाविक मार्गाने जिंकण्याचा यत्नच करीत नाही, अशी दाद पंचांकडे मागावी आणि पंचांनी फैसला द्यावा. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात झालेल्या आणि कोनेरू हंपीने जिंकलेल्या महिला ग्रां प्रीत प्रत्येक खेळीमागे ३० सेकंदांची भर होती. तेथे हा पेच उद्भवत नाही. तुझ्या डावात भरही नव्हती आणि पंचही नव्हता.

नात: आणि त्याचे तीनदा मागणे?

आजोबा: ते सर्वथैव गैर. पटासमोरची रीत अशी की आधी खेळी करावी, मग प्रस्ताव ठेवावा आणि मगच घड्याळ दाबावे. दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही, आणि समोरच्याने खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावला की तो फेटाळला गेला. त्यानंतर स्थितीत काहीही पालटले नसताना पुनःपुन्हा मागत राहणे हा नियमांच्या दृष्टीने उपद्रवच होय. पण त्याच्या गैरवर्तनाने तुझ्या वर्तनाचा निवाडा होत नाही.

नात: माझ्याकडे हत्तीच्या जोडीला उंटही असता तर? शास्त्राने तीही बहुधा बरोबरीच.

आजोबा: मग पन्नास खेळ्यांची मुदत भरेपर्यंत अवश्य खेळावे, त्या बचावात भलेभले ग्रँडमास्टर चुकले आहेत, आणि समोरच्याला चुकायला लावणे हाच तर खेळ.

नात: या दोहोंच्या मध्ये शेकडो स्थिती आहेत. तेथे मीच फिर्यादी, मीच मुनसफ, आणि निकालाचा लाभही मलाच!

आजोबा: म्हणून स्वतःला एवढेच विचारावे: त्याच्याही घड्याळात सव्वा मिनिट असते, तर हा डाव तू पुढे चालवला असतास काय?

नात: नाही. मीच बरोबरी मागितली असती. पण उद्या अकरा सेकंद माझे उरले, तर समोरचा हा प्रश्न स्वतःला विचारील याची हमी कोण देणार?

आजोबा: कोणीही नाही. तरीही काल त्याला बरोबरी द्यायला हवी होती, असेच माझे मत आहे.