राशीचे शील

गेल्या माघात आमच्या भाचीचे चिखलीकडचे स्थळ मोडले, आणि मध्यस्थाने सांगितलेले कारण ऐकून मी रात्रभर तळमळलो: मुलीचा जन्म १० नोव्हेंबरचा, म्हणून रास वृश्चिक, आणि वृश्चिकेची माणसे डूख धरतात. हळदकुंकवाची बोटे लावून धाडलेली तिची पत्रिका पाकिटातून बाहेरही न निघता परत आली. ती कोणी उघडली असती, तर चंद्र वृषभेत आढळला असता आणि आपल्या निरयन गणनेने सूर्यही तुळेत. वृश्चिक निघते ती केवळ पाश्चात्त्यांच्या सायन गणनेने. ज्या शास्त्राच्या नावे एका निरपराध मुलीवर हा फैसला झाला, त्याचा दाखलाही कोणी मागितला नाही.

वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, मेषादी राशी नाहीत. वराहमिहिराच्या बृहज्जातकात क्रिय, ताबुरि ही यवनी नावे आढळतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या ग्रंथापासून हा वाद मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु राशी आपल्या की यवनांच्या, या कज्ज्यात आपण इतके गुंतलो की खरे स्थित्यंतर नजरेआडच राहिले. वराहमिहिराने राशिशील सांगितले ते जन्मकालीन चंद्रावरून, आणि बारा राशींची वर्णने संपताच शर्त घातली, की रास, तिचा स्वामी आणि चंद्र हे तिन्ही बलवान असतील तरच ते फल पूर्णपणे मिळावयाचे. शील ही अनेक साक्षींपैकी एक साक्ष होती. सूर्याचे फलही त्याने सांगितले आहे, पण तेही अशाच विचाराच्या अधीन ठेवून.

ही शर्त गळाली ती विसाव्या शतकात, लंडनमध्ये. भविष्यकथनाबद्दल ॲलन लिओ या ज्योतिष्यावर १९१४ आणि १९१७ साली खटले झाले, आणि भावी घटना सांगणे कायद्याच्या कचाट्यात सापडते असे पाहून त्याने स्वभावाच्या निरूपणावर अधिकाधिक भर दिला. पुढे १९३० साली 'संडे एक्सप्रेस'ने राजकन्या मार्गारेटचे भविष्य छापले, आणि त्यातून वृत्तपत्री राशिभविष्याची प्रथा वाढीस लागली. चंद्र सुमारे सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो, लग्नरास सुमारे दोन तासांत पालटते, सूर्य मात्र महिनाभर एकाच राशीत मुक्काम करतो. वाचकाला जन्मवेळ ठाऊक नसली तरी तारीख ठाऊक असतेच. छापखान्याच्या या सोयीला आपण ऋषिवचन समजून बसलो आहोत!

फलज्योतिषावर माझा विश्वास नाही. आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मधोमध चार महिन्यांच्या चार ढेकळांवर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ भिजले, यावरून पीकपाण्याचे अनुमान. तेही मला पटत नाही. पण तेथे अनुमान बोलण्याआधी माणूस वाकून दाणा पाहतो.

चिखलीकडच्या मंडळींनी मुलगी पाहिलीच नाही. पाकीट परत घेऊन मध्यस्थ आले तेव्हा तिनेच त्यांना चहा करून दिला, आणि निघताना, ऊन आहे म्हणून, पाण्याची बाटली भरून हातात ठेवली.