बसवून ठेवलेले वार्धक्य

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत एखादी वृद्ध व्यक्ती एकदा न्हाणीघरात किंवा उंबरठ्याशी घसरून पडली, की त्या दिवसापासून तिच्यासंबंधी एक अलिखित फर्मान निघते, आणि ते काढणाऱ्यांच्या मनात प्रेमावाचून दुसरे काही नसल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही तिला उरत नाही. प्रथम माळ्यावरचा डबा काढण्यास मज्जाव होतो, मग देवघराच्या तसबिरी पुसण्यास, मग वाण्याकडे एकटे जाण्यास, मग ओट्याशी उभे राहून भाजी फोडणीला टाकण्यास, आणि अखेरीस पाण्याचा पेला घेण्यासाठी ती खुर्चीवरून अर्धवट उठू लागली, तरी आतून सुनेचा आवाज येतो, "आई, तुम्ही उठू नका, मी देते." या वाक्यात माया आहे याविषयी मला शंका नाही, परंतु वृद्धाने पडू नये म्हणून त्याला बसवून ठेवणे हेच, तो पुढच्या खेपेस ज्या कारणांनी पडतो त्यांपैकी एक बलवत्तर कारण होऊन बसते, आणि ते कारण आपण स्वहस्ते, सेवेच्या नावाखाली, घरात आणून ठेवतो, असे माझे मत आहे.

उभे राहणे हे आपण स्वस्थ राहण्यासारखेच समजतो. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते अखंड चाललेले काम आहे. डोळे, अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या शेजारची गुरुत्वाचे भान देणारी सूक्ष्म इंद्रिये, आणि तळवे, घोटे व सांधे यांतून येणारी संवेदना, अशा तीन साक्षीदारांच्या जबान्या मेंदू क्षणोक्षणी ताडून पाहतो आणि त्यांवरून स्नायूंना हुकूम सोडतो. वयोमानाने तिघेही थोडथोडे बेभरवशाचे होतात: मोतीबिंदूमुळे पायरीची कड धूसर दिसू लागते, दीर्घकाळच्या मधुमेहाने तळव्यांना जमिनीची ओळख पटेनाशी होते, आणि हुकूम बजावणारे स्नायू, विशेषतः झटक्यासरशी हालचाल करणारे त्यांतील तंतू, इतर तंतूंच्या आधी झिजतात. ठेच तरुणालाही लागते. पण त्याचे दुसरे पाऊल देहाचा भार सावरण्यासाठी वेळेवर पुढे पोचते, आणि वृद्धाचे ते अर्ध्या पळाने उशिरा पोचते, एवढाच काय तो दोघांत फरक. हा विलंब काही अंशी वयाचा असला तरी पुष्कळ अंशी अनभ्यासाचा असतो, आणि जे अनभ्यासाने गेले ते अभ्यासाने, सर्वच्या सर्व नव्हे तरी बऱ्याच प्रमाणात, ऐंशीच्या घरातही परत मिळवता येते, ही गोष्ट गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधनाने निर्विवादपणे सिद्ध केलेली आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी 1988 साली, आपापल्या घरी राहणाऱ्या पंचाहत्तरी उलटलेल्या 336 व्यक्तींचा वर्षभराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील सुमारे एक-तृतीयांश लोक त्या अवधीत निदान एकदा पडले होते. त्याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे पुढचे काम. पडण्याच्या भयाने मनुष्य आपले व्यवहार आखडून घेतो, त्यामुळे दुर्बळ होतो आणि म्हणून पुन्हा पडतो, हे चक्र ओळखून त्यांनी 1990 साली एक लहानशी प्रश्नावली तयार केली. आंघोळ करणे, कपाटातले काही काढणे, बिछान्यातून उठणे, दार उघडायला जाणे, साधासा स्वयंपाक करणे अशी दहा घरगुती कामे सांगून, ती न पडता करण्याविषयी आपल्याला कितपत भरवसा वाटतो, एवढेच तीत विचारलेले असते. आमच्याकडे ती प्रश्नावली वृद्धांआधी त्यांच्या मुला-सुनांना द्यावी लागेल; कारण पुष्कळ घरांत भ्यायलेली मंडळी तीच असतात, आणि त्यांच्या भयाची शिक्षा मात्र खुर्चीत बसलेला मनुष्य भोगत असतो.

या चक्रातून सुटण्याचा मार्ग घरातच आहे, हे न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि ओटागो विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ऐंशी वर्षांच्या वा त्याहून वयस्क अशा 233 स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांकडे व्यायामोपचारतज्ज्ञ पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली आणि प्रत्येकीच्या कुवतीप्रमाणे पाय बळकट करण्याचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम तिला लावून आली. उरलेल्या निम्म्यांकडेही भेटी तितक्याच झाल्या, परंतु त्या केवळ गप्पागोष्टींच्या. वर्षअखेर दुसऱ्या गटात पडण्याचे 152 प्रसंग नोंदले गेले आणि पहिल्या गटात 88. वृद्धांना सहवास हवा असतो हे खरेच आहे, आणि आपल्याकडे त्यावर लिहिलेही पुष्कळ जाते. पण नुसत्या सहवासाने पोटऱ्यांत बळ येत नाही, हे या प्रयोगात कोणालाही न दुखवता, अगदी सहजगत्या सिद्ध होऊन गेले.

हे व्यायाम पाहिले तर कोणासही वाटावे की यात शिकवण्यासारखे आहे तरी काय. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून टाचा सावकाश उचलायच्या, क्षणभर थांबायचे आणि तितक्याच सावकाश टेकवायच्या, असे दहा वेळा. नंतर टाचा जमिनीला ठेवून चवडे उचलायचे. घोट्याला वजनाची पट्टी बांधून, खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे. भिंतीच्या कडेने एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच भिडवत रेषेवर चालायचे. कडेला, मागे आणि इंग्रजी आठाच्या आकृतीने चालायचे. खरी विद्या आहे ती क्रमात. दोन्ही हातांनी कड धरणारीने काही आठवड्यांनी ती एका हाताने धरायची, मग दोन बोटांनी, आणि पुढे हात कडेवर नुसता अधांतरी ठेवायचा. त्या वेळी घोटे थरथरतात, देह इकडेतिकडे डोलतो, पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि नेमके त्याच डोलण्यात तोल शिकला जातो. डोलू न देणारा व्यायाम तोलापुरता व्यर्थ होय. कॅथरिन शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली शंभराहून अधिक प्रयोगांचा धांडोळा घेतला, त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेले आढळले. आणि त्यातही भरवशाचा आधार ठरला तो तोलाचीच परीक्षा पाहणाऱ्या व नित्याच्या हालचालींशी जुळणाऱ्या व्यायामांचा.

येथे आपल्याकडील एका दृढ समजुतीला धक्का लावणे भाग आहे. "मी रोज सकाळी फिरायला जातो," असे म्हटले की आपल्याकडील निवृत्त गृहस्थाला व्यायामाचे सारे ऋण फिटल्यासारखे वाटते. चालणे हृदयाला हितकर आहे आणि बागेतील बाकावरच्या राजकारणालाही ते पोषक आहे, यात संशय नाही. परंतु सपाट वाटेवर सरळ रेषेत चालल्याने तोलाची म्हणावी तशी कसोटी लागत नाही, आणि ज्यांचा तोल आधीच बिघडलेला आहे अशांनी झपाट्याने चालण्याचा नेम धरला तर पडण्याचे प्रसंग वाढूही शकतात. ओटागोच्या पद्धतीतही चालणे आहे, पण ते पायांत बळ येऊ लागल्यावर, व्यायामाच्या जोडीला.

दुसरी समजूत अशी की आमच्या जुन्या राहणीत हे सारे होतेच. तीत तथ्यांश आहे. पाटावर मांडी घालून जेवणारा, जमिनीवर अंथरूण घालणारा, उकिडवा बसून कपडे धुणारा मनुष्य दिवसातून कितीतरी वेळा भुईपासून उभा राहत असे, आणि मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगड्या घालणाऱ्या बायकांना तोलाचा वेगळा वर्ग लावण्याची गरज नव्हती. जेवणाचे टेबल, पलंग आणि कमोड आल्यावर एकाच पिढीत ही उठबस संपली. परंतु त्या वाड्यांतले काळोखे, अरुंद जिने आणि शेवाळलेल्या मोऱ्या आपण सोयीस्करपणे विसरतो. आणि ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना कमोड हे वरदानच आहे. जुनी राहणी परत आणण्याची भाषा म्हणूनच मला पटत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, भिंत, दोर आणि पट्टे यांच्या साहाय्याने वृद्धांना व रुग्णांना आसने करवली, त्यात आधार घेण्याचा कमीपणा न मानता आधाराला साधन करण्याची जी दृष्टी आहे, ती मला अधिक उपयोगी वाटते.

घराच्या रचनेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण काय करावे हे बहुतेकांना ठाऊक असते आणि पडझड झाल्यावाचून कोणी करत नाही. आंघोळीची जागा खडबडीत असावी, कमोडच्या बाजूस भिंतीत पक्का गज असावा, पायाखाली सरकणारे पायपुसणे नसावे, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. एका बाबीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते: आपल्या सदनिकांतील न्हाणीघरांची दारे बहुधा आत उघडतात, आणि आत पडलेल्या माणसाच्या देहानेच ती अडतात, तेव्हा बाहेरची माणसे दाराला खांदा लावीत राहतात आणि प्रत्येक धक्का आतल्या जखमी माणसाला बसतो. दार बाहेर उघडणारे करणे आणि आतल्या कडीऐवजी बाहेरूनही निघेल असा खटका बसवणे हे एका सुताराचे एका दिवसाचे काम आहे. औषधांचीही हीच गत. रात्री झोपेची गोळी, सकाळी रक्तदाबाची, शिवाय लघवीसाठी आणखी एक, अशा गोळ्या निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळ्या साली दिलेल्या असतात व त्यांचा एकत्र झाडा कोणी घेतलेला नसतो; मग पहाटे अंधारात एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि दोष मात्र फरशीला लागतो. कॅम्पबेल यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात झोपेच्या व तत्सम गोळ्या हळूहळू बंद केल्यावर पडण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटले होते; प्रयोग संपताच त्यांतील पुष्कळांनी त्या पुन्हा सुरू केल्या, हा मनुष्यस्वभाव. अर्थात अशा गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करणे हे अविचाराचे होईल. तो झाडा डॉक्टरांकडूनच घ्यावयाचा असतो.

आता मुख्य आक्षेप. व्यायाम करताना आई पडली आणि खुब्याचे हाड मोडले, तर जबाबदार कोण? हा प्रश्न पोकळ नाही. खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभराच्या आत दगावणाऱ्या वृद्धांची संख्या थोडी नसते. स्मृतिभ्रंश, कंपवात किंवा अर्धांगवायू झालेल्यांना कोणी जवळ नसताना असे व्यायाम करू द्यावेत असे माझे म्हणणे नाही, आणि आरंभी तर प्रत्येकाजवळ कोणी उभे असावेच. पण उरलेल्यांच्या बाबतीत हिशेब एकतर्फी मांडला जातो: उठल्याने झालेली इजा दिसते व तिच्यासाठी कोणाला तरी बोल लावता येतो, उलट बसून राहिल्याने सहा महिन्यांत मांड्यांतून जे बळ ओसरले त्याची कोठे नोंद होत नाही आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. शिवाय सत्तर-ऐंशी वर्षे स्वतःचा कारभार पाहिलेल्या माणसाला किती धोका पत्करायचा हे ठरवण्याची मुखत्यारी असावी की नाही, हाही विचार आहे. माझ्या मते ती असावी, आणि ती काढून घेताना आपण त्याला निदान विचारावे तरी.

या बाबतीत सरकारी दृष्टीही कुटुंबाच्या दृष्टीहून फारशी निराळी नाही. आईवडिलांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार. वृद्ध हा तेथे घेणेकरी आहे, काही करू शकणारा नव्हे. 2010-11 मध्ये केंद्राने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा कार्यक्रम सुरू केला, त्यात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांच्या वृद्धकक्षाची तरतूद झाली, ती इष्टच. परंतु खाट ही पडल्यानंतरची व्यवस्था झाली. न्यूझीलंडमधील पुढच्या एका प्रयोगात हेच व्यायाम, तज्ज्ञाकडून शिकून घेतलेल्या एका परिचारिकेने घरोघर जाऊन करवले आणि तेही फलदायी ठरले. आपल्याकडे गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत, शहरांतून ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आणि संघांच्या मासिक सभांतून वाढदिवसांचे सत्कार व भावगीतांचे कार्यक्रम उरकल्यावर अर्धा तास उरतोच. आशा कार्यकर्त्यांवर आधीच नाना कामांचा बोजा अपुऱ्या मोबदल्यात लादलेला आहे, तेव्हा हे काम सांगायचे तर त्याचे पैसे निराळे द्यावेत.

ड्युनेडिनच्या त्या चार भेटी संपल्यावर व्यायाम चालू राहावा म्हणून दूरध्वनीने चौकशी होत असे; कारण व्यायाम सुटला की मिळवलेले बळही ओसरते. पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांत दर रविवारी अमेरिकेहून मुलाचा फोन येतो आणि गोळ्या घेतल्या ना, बाहेर एकटे गेला नाहीत ना, असे विचारून तो संपतो. त्याच फोनवर, आज हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठलात, हेही विचारता येईल.